एकट्याने खेळायची जागा ठेवा
मोबाईलवर स्पर्धात्मक स्ट्रॅटेजी गेम बनवणाऱ्या स्टुडिओंना खुलं पत्र

नमस्कार,

तुमच्या पुढच्या वर्षभराच्या कामांच्या यादीत नवा सीझन असेल, नवी कार्डं असतील, नवी लीग असेल. सिंगल-प्लेअर मोड, म्हणजे एकट्याने खेळायचा भाग, बहुतेक तळाला असेल, किंवा नसेलच. हे पत्र त्याच्यासाठी आहे. मी बरीच वर्षं हे गेम खेळते आहे, आमच्या क्लॅनची, म्हणजे खेळाडूंच्या गटाची, को-लीडर आहे आणि नव्याने आलेल्यांना अटॅक शिकवण्याचं काम आवडीने करते. त्या अनुभवातून माझं ठाम मत झालं आहे की स्ट्रॅटेजी गेममधली खरी स्ट्रॅटेजी माणूस एकटा असताना शिकतो. लढतीत तो ती फक्त वापरतो. ही एकट्याची जागा तुम्ही दिली नाहीत, तर लोक तुमचा गेम खेळत राहतील, पण त्याबद्दल विचार करणं थांबवतील.

क्लॅश ऑफ क्लॅन्सचंच उदाहरण घ्या. हेलसिंकीच्या सुपरसेलने तो ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोनवर आणला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर. जगभर तो स्पर्धेचा गेम म्हणून ओळखला जातो: ट्रॉफी, क्लॅन वॉर, लीग. पण त्यातला अटॅक नीट बघा. समोरचा माणूस त्या क्षणी लढतच नसतो. त्याने आधी रचून ठेवलेला बेस, म्हणजे त्याचं तटबंदीचं गाव, लढतो. भिंती कुठे आहेत, एअर डिफेन्स कुठे, कोणत्या मोकळ्या जागेत सापळा असेल, याचा अंदाज बांधायचा आणि तीन मिनिटांत सैन्य उतरवायचं. म्हणजे गाभा पाहिला तर हे एका माणसाने दुसऱ्यासाठी घातलेलं कोडं आहे आणि सोडवणारा एकटा आहे. इतका मोठा स्पर्धात्मक गेम मुळात एकट्याने कोडं सोडवण्याच्या आनंदावर उभा राहिला, ही गोष्ट तुमच्या धंद्यात पुरेशी बोलली जात नाही असं मला वाटतं.

त्याच गेममध्ये पहिल्या दिवसापासून गॉब्लिनचा नकाशा आहे, गेमनेच मांडलेल्या बेसवर एकट्याने लढायचा. त्याकडे कोणी फारसं बघत नाही असं म्हणतील, पण आमच्यापैकी बहुतेकांनी विझार्ड टॉवरच्या माऱ्याच्या टप्प्यात सैन्य गोळा करून उतरवायचं नसतं हे तिथेच शिकून घेतलं. तिथे हरलं तर ट्रॉफी जात नाही. पुन्हा जायचं, दुसऱ्या बाजूने जायचं. लुटीचा साठा मर्यादित, एकदा नेलेलं सोनं परत भरत नाही, त्यामुळे लुटीसाठी तिथेच मुक्काम ठोकून कोणी बसत नाही. शिकायला जातं आणि तीन स्टार मिळवायला जातं. पुढे प्रॅक्टिस मोड आला: तुमच्या टाउन हॉलप्रमाणे, म्हणजे बेसच्या पातळीप्रमाणे, तयार सैन्य हातात देऊन एकेक नावाजलेली अटॅकची पद्धत करून घेणारा. आमच्या क्लॅनमध्ये नवीन कोणी आलं की मी आधी तिथे पाठवते. व्हिडिओ बघून आलेला आणि तिथे चारदा हरून आलेला, यांच्या वॉरमधल्या पहिल्या अटॅकमध्ये फरक दिसतो. व्हिडिओवाला सैन्य बरोबर घेऊन येतो, पण बेस जरा वेगळा निघाला की अडतो. हरून आलेला थांबतो, बघतो आणि क्वीन ही आपली मुख्य योद्धा दुसऱ्या कोपऱ्यातून सोडतो.

फुकट चूक करता येणं ही मोठी गोष्ट आहे. ट्रॉफी, रँक, सलग विजयांची स्ट्रीक हे सगळं प्रत्येक चुकीला किंमत लावतं. किंमत लागली की माणूस प्रयोग टाळतो. त्यात काही वावगं नाही, शहाणा माणूस तेच करेल. मग कार्डांच्या गेममध्ये काय होतं? कोणीतरी वरच्या रँकचा खेळाडू एक डेक, म्हणजे निवडक कार्डांचा संच, वापरतो, तो डेक दोन दिवसांत सगळीकडे पसरतो आणि लॅडरवर, म्हणजे रँकसाठीच्या लढतींत, दर तिसऱ्या लढतीत तोच समोर येतो. तुम्ही महिनोन् महिने खपून शंभराच्या वर कार्डं बनवता, त्यांच्यातला तोल सांभाळता, आणि खेळणारे त्यातल्या मूठभर कार्डांतच फिरत राहतात. तुम्ही बॅलन्स बदलता, मग दुसरी मूठ. हा दोष खेळाडूंच्या आळसाचा नाही. आपला डेक स्वतः घडवायला लागणारी, नुकसान न होणारी जागा त्यांना मिळालेली नसते.

क्लॅश रॉयलचं उदाहरण देते, कारण त्याची रचना मला फार सुंदर वाटते. २०१६ पासूनचा गेम. आठ कार्डांचा डेक, हातात चार, कार्ड टाकायला खर्च होणारा एलिक्सिर जास्तीत जास्त दहा, तीन मिनिटं. टाकलेलं कार्ड आणखी चार कार्डं टाकल्याशिवाय हातात परत येत नाही. एवढ्या साध्या नियमांतून इतकी खोली निघते की चांगला खेळाडू समोरच्याचा एलिक्सिर आणि त्याच्या कार्डांचं चक्र मनात मोजत असतो. आता सांगा, हे मोजणं शिकायचं कुठे? लढत चालू असताना? समोरून हॉग रायडर येत असताना नवखा माणूस आकडेमोड करेल अशी अपेक्षा धरणं चुकीचं आहे. पण हेच कोडं म्हणून मांडा. चित्र थांबलेलं आहे. समोरच्याने तुमच्या प्रिन्सेस या कार्डावर आत्ताच लॉग हे कार्ड खर्च केलं, त्याच्याकडे दोनच एलिक्सिर उरलाय, तुमच्याकडे सहा, हातात गॉब्लिन बॅरल, गॉब्लिन गँग, नाइट आणि रॉकेट. आता काय टाकाल, आणि कुठे? उत्तर चुकलं तर काय झालं असतं ते चालवून दाखवा. अशी पन्नास कोडी सोडवलेला खेळाडू लॅडरवर गेला की त्याला खेळ वेगळाच दिसेल. समोरच्याला लॉग खर्चायला लावून मग हल्ला करणाऱ्या लॉग बेट डेकमागे काय विचार आहे हे त्याला कोणी सांगावं लागणार नाही, त्याने स्वतः ते केलेलं असेल.

बुद्धिबळात हे नवं नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळातल्या अवघड स्थितींचं पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं. एक स्थिती मांडायची, चाल शोधायची, प्रतिस्पर्धी लागत नाही. दोनशे वर्षांहून जुनी ही परंपरा आहे आणि तिने स्पर्धेचं बुद्धिबळ कधी कमी केलं नाही. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली. त्या पातळीवर पोचणाऱ्या कोणाही खेळाडूने लहानपणापासून एकट्याने सोडवलेल्या स्थितींची गणती करता येणार नाही. आज बुद्धिबळाच्या कुठल्याही ॲपमध्ये कोडी आणि वेगवेगळ्या ताकदीचे बॉट, म्हणजे कॉम्प्युटरचे खेळाडू, सहज मिळतात. लोक दोन्ही करतात, एकट्याने सोडवतात आणि माणसांशी लढतात.

तुमच्या क्षेत्रातही ज्यांनी हे मनापासून केलं त्यांचं काम आम्हाला आठवतं. हार्थस्टोन हा मुळात समोरासमोरचा कार्ड गेम. जुलै २०१४ मध्ये त्यात नॅक्सरामास हे एकट्याने खेळायचं साहस आलं, पाच विभागांचं, आठवड्याला एक उघडणारं. त्यातला पॅचवर्क नावाचा बॉस त्याच्या खास ताकदीने, म्हणजे हिरो पॉवरने, तुमचा मिनियन, म्हणजे मैदानात उतरवलेलं लढाऊ कार्ड, थेट नष्ट करायचा. मोठा मिनियन टाकून निश्चिंत बसायची सवय असलेल्यांना त्याने आठ-दहा मिनिटांत ती सवय मोडायला लावली. शिवाय प्रत्येक क्लाससाठी, म्हणजे पात्राच्या प्रत्येक प्रकारासाठी, एक आव्हान होतं, ज्यात तयार डेक हातात मिळायचा; जो क्लास तुम्ही कधी हातात धरला नसता तो खेळून बघावाच लागायचा. कॉम्प्युटरवर एज ऑफ एम्पायर्स २ च्या २०१९ मधल्या नव्या आवृत्तीत आर्ट ऑफ वॉर नावाची आव्हानं दिली. सुरुवातीची अर्थव्यवस्था कशी उभारायची, कासल एज या पुढच्या युगात लवकर कसं जायचं, यावर वेळ लावून कांस्य, रौप्य, सुवर्ण पदक. सुवर्णासाठी लोक तोच भाग पुन्हा पुन्हा खेळतात, आणि त्यांना कळायच्या आत मल्टीप्लेअरची बिल्ड ऑर्डर, म्हणजे काय कधी उभारायचं तो क्रम, हातात बसते. स्वीडनच्या मिडजिवानचा पॉलिटोपिया तर मला सर्वांत जवळचा. छोटा नकाशा, वळणावळणाने खेळ, परफेक्शनमध्ये तीस वळणांत जास्तीत जास्त गुण. नेट लागत नाही. त्याच नियमांनी, त्याच टोळ्यांनी मग माणसांशी ऑनलाइन खेळा. शिकलेलं काहीच वाया जात नाही, कारण दोन्हीकडे गेम एकच आहे.

दोन्हीकडे गेम एकच असण्याचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. काही गेममध्ये सिंगल-प्लेअर म्हणून जे दिलेलं असतं ते मूळ गेमशी नातंच ठेवत नाही: आपोआप चालणारी लढाई, बोट दाबलं की बक्षीस, आकडा पुरेसा मोठा असेल तर जिंकलात. त्यात निर्णय नसतो. तसलं काही आम्ही मागत नाही. त्यापेक्षा वीस टप्पे द्या, पण प्रत्येक टप्पा एखाद्या डिझायनरने जीव ओतून बांधलेला असू दे.

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते फालतू नाहीत. एक टप्पा बनवायला आठवडे लागतात आणि खेळाडू तो दुपारच्या सुट्टीत संपवतो. माणसं एकमेकांशी लढली की नवा मजकूर आपोआप तयार होत राहतो. पण तुमच्या सर्व्हरवर रोज प्रचंड संख्येने खऱ्या लढती होतात, रिप्ले साठतात. त्यातून निवडलेली एखादी चुरशीची स्थिती, रोज एक, सगळ्या जगाला तीच. खेळाडूंनी बांधलेले बेस आहेतच, त्यांना श्रेय देऊन कोडी म्हणून वापरा. दुसरा आक्षेप असा की एकट्याचा मोड दिला तर लोक लॅडर सोडतील आणि लढतीसाठी जोडीदार मिळायला वेळ लागेल. मला उलट दिसतं. लागोपाठ चार हारल्यावर माणूस गेम बंद करतो, आणि त्या रागात पुष्कळदा काढूनही टाकतो. त्याच वेळी त्याला त्याच गेमच्या आत जायला एक शांत जागा असेल तर तो तिथे जाईल आणि उद्या परत लढेल.

आणि पैशांचा प्रश्न. लेजंड्स ऑफ रुनटेरा आठवा. रायट गेम्सने २०२० मध्ये आणलेला स्पर्धात्मक कार्ड गेम, फोनवर आणि कॉम्प्युटरवर. जाणकारांनी त्याच्या रचनेचं भरभरून कौतुक केलं, पण कमाई जमेना. जानेवारी २०२४ मध्ये रायटने पाचशेहून अधिक लोकांना कमी केलं तेव्हा या गेमची टीमही लहान झाली. तेव्हा त्यांनी काय वाचवायचं ठरवलं? पाथ ऑफ चॅम्पियन्स, म्हणजे एकट्याने खेळायचा मोड. पुढचं काम त्यावर केंद्रित केलं. समोरासमोरच्या लढतींसाठी जन्मलेला गेम एकट्याच्या मोडच्या आधाराने चालत राहिला. तुमच्यातल्या हिशेब बघणाऱ्या मंडळींनी यावर जरा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग खेळणारी माणसं. स्पर्धेच्या लढतीला सलग तीन ते पाच मिनिटं पूर्ण लक्ष लागतं आणि न तुटणारी रेंज लागते. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच सुमारे साडेसहा किलोमीटरचा. त्या गाडीत बसलेला माणूस लॅडर खेळू शकत नाही. कसारा घाट असो, वरंध असो, तीच गत. रात्रपाळीची नर्स, दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघणारा, लहान बाळ मांडीवर घेऊन बसलेली आई, या सगळ्यांना विचार करायला आवडतं, पण त्यांना कोणत्याही क्षणी थांबावं लागतं. स्पर्धेच्या लढतीत थांबणं म्हणजे हरणं. वय झाल्यामुळे किंवा हाताच्या दुखण्यामुळे ज्यांची बोटं वेगाने चालत नाहीत, तेही डोक्याने उत्तम खेळू शकतात. त्यांना फक्त पॉज हवा असतो. सिंगल-प्लेअरमध्ये पॉज देता येतो. एवढ्या एका बटणाने किती माणसं आत येतील याचा विचार करा. आणि हो, एकट्याचा मोड असूनही दर सेकंदाला सर्व्हरशी बोलत राहणारा गेम या लोकांच्या काही कामाचा नाही. टप्पे आधी उतरवून घेता यायला हवेत आणि निकाल रेंज आल्यावर पाठवता यायला हवा.

बॉटबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. पुष्कळ मोबाईल गेममध्ये सुरुवातीच्या लढतींत, किंवा माणूस लागोपाठ हरल्यावर, समोर माणसाचं नाव लावलेला बॉट दिला जातो. खेळणाऱ्याला वाटतं आपण कोणालातरी हरवलं. हे मला पटत नाही. जिंकण्याचा आनंद खोट्या नावावर देऊ नका. तुमच्याकडे खेळू शकणारा बॉट आहेच, तर तो उघडपणे द्या. त्याला नाव द्या, स्वभाव द्या: एक फक्त हल्ला करणारा, एक बचाव करून शेवटच्या मिनिटाची वाट बघणारा, एक तुमच्या कार्डांचं चक्र मोजणारा. कोणत्या पातळीचा आहे ते लिहा. लोक आनंदाने त्याच्याशी खेळतील आणि त्याला हरवल्यावर ते खरंच काहीतरी शिकलेले असतील.

आपल्याकडच्या स्टुडिओंना, विशेषतः पुण्या-मुंबईत काम करणाऱ्यांना, आणखी एक सांगायचं आहे. स्पर्धेच्या लढतीला समानता लागते. दोन्ही बाजूंना सारखा एलिक्सिर, सारखा वेळ, सारखा नकाशा, नाहीतर अन्याय. हे बरोबरच आहे. पण डावपेचांचे सर्वांत रंजक प्रश्न विषम असतात आणि आपला इतिहास त्यांनीच भरला आहे. नाशिकजवळचा रामसेज घ्या. १६८२ पासून मोगलांच्या अफाट फौजेपुढे तो किल्ला थोडक्या माणसांनी वर्षानुवर्षं लढवला. हा सामना लॅडरवर कधीच मांडता येणार नाही. एकट्याच्या मोडमध्ये येतो: दारूगोळा मोजका, धान्य मोजकं, पावसाळा कधी लागणार ते माहीत, मदतीची तुकडी येईल की नाही ते माहीत नाही. जिंकायचं नाही, टिकायचं आहे. पुरंदर, जिंजी, साल्हेर, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. आज किल्ले आणि मावळे हे फक्त वरून चढवलेलं रूप म्हणून गेममध्ये येतात, खाली तोच दुसरीकडचा खेळ असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला कायद्याने ओळख मिळाली. सगळे आता ई-स्पोर्ट्सकडे धावतील हे दिसतंच आहे. धावा जरूर. पण आपल्या मातीतला प्रश्न मांडायला जागा एकट्याच्या मोडमध्येच आहे, आणि ते काम दुसरं कोणी करणार नाही.

एक मागणी उरली, आणि तुम्ही कदाचित तीच सर्वांत अवघड म्हणाल. जून २०२० मध्ये भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात क्लॅश ऑफ किंग्ज होता. सप्टेंबरमध्ये आणखी ११८, त्यात राइज ऑफ किंगडम्स. बंदी योग्य की अयोग्य हा या पत्राचा विषय नाही. पण ज्यांनी वर्षं घालून ती शहरं उभी केली होती त्यांच्या हातात काहीही उरलं नाही, कारण सर्व्हरशिवाय त्या गेमचा एकही तुकडा चालत नव्हता. बंदी नसली तरी तेच होतं. युबिसॉफ्टने द क्रू या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि विकत घेतलेल्यांना त्यातला एकट्याने खेळायचा भागही उघडता येईना. त्यातून युरोपात स्टॉप किलिंग गेम्सची मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी त्यांच्या मागणीवर सह्या केल्या. लोक इतक्या संख्येने सही करतात ते एका गेमसाठी नाही. आपला घातलेला वेळ कोणीतरी एका रात्रीत पुसू शकतो, हे त्यांना सहन होत नाही.

म्हणून आराखडा बनवतानाच ठरवा: ज्या दिवशी सर्व्हर बंद होतील त्या दिवशी एकट्याचा मोड फोनवर चालत राहील. टप्पे, बॉट, माझी कार्डं, मी बांधलेला बेस, एवढं फोनमध्येच साठवलेलं असेल. आधीपासून असं बांधलं तर शेवटी वेगळी टीम लावावी लागणार नाही. नव्या गेमची घोषणा कराल तेव्हा स्टोअरच्या पानावर ही एक ओळ लिहा. आमच्या क्लॅनमधले निम्मे लोक ती ओळ वाचून गेम उतरवतील, उरलेल्यांना मी उतरवायला लावेन.

आपली,
एक को-लीडर